आंब्यावरची फळमाशी: सापळा कधी लावायचा आणि माशा कशा मोजायच्या

मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला की ओळखीतले कुणी ना कुणी विचारतेच, "मानकुरादात अळ्या पडल्यात, सापळे कुठे मिळतील?" सापळे कुठेही मिळतात, पण तोवर महिनाभर उशीर झालेला असतो. १० मेला कापलेल्या आंब्यात बोटभर खड्डा पाडून बसलेल्या अळ्या दिसल्या, तर त्यांची अंडी साधारण १-२ मेला घातलेली असतात. ती घालणारी माशी स्वतः एप्रिलच्या सुरुवातीला दुसऱ्या कुठल्या तरी फळात अंडे म्हणून होती. म्हणजे सापळ्याने जी बातमी द्यायची ती एप्रिलमध्येच द्यायला हवी होती, आणि तेव्हा सापळा दुकानात होता.

पुढचे सगळे गोव्यातल्या लहान भाटाला, म्हणजे घरच्या बागेला, धरून लिहिले आहे. दहा-पंधरा मानकुराद किंवा मुसराद, कुंपणाकडेला दोन-चार रायवळ, मागे पेरू, चिकू, एखादे करमलाचे झाड असा आपला पसारा असतो. मोठ्या बागेलाही क्रम हाच, फक्त सापळे वाढतील.

आधी दिवसांचा हिशेब

आंब्यावर प्रामुख्याने येणारी माशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. तिच्या जोडीला झोनाटा आणि करेक्टा या तिच्या भावकीतल्या जाती असतात. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत तिचे दिवस साधारण असे मोजावेत:

- अंडे: १ ते २ दिवस, सालीच्या खाली, झुबक्याने.
- अळी: ७ ते १० दिवस, गरात. या काळात दोनदा कात टाकते.
- कोष: ८ ते १० दिवस, मातीत, वरच्या दोन ते पाच सेंटीमीटर थरात.
- कोषातून निघालेली मादी: अंडी घालण्याजोगी व्हायला आणखी ८ ते १२ दिवस.

एका अंड्यापासून दुसऱ्या अंड्यापर्यंत महिना धरून चाला. थंडीत हे दिवस लांबतात. प्रौढ माशी एक ते तीन महिने जगते, त्यामुळे एप्रिलमधली मादी जूनमध्येही अंडी घालत फिरत असू शकते.

या हिशेबातली एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही. ही माशी झोपत नाही. आंबा संपल्यावर तिचे कोष झाडाखाली पावसाळाभर पडून राहतात आणि पुढच्या मोहोराला उठतात, असा समज घट्ट आहे. तो चुकीचा आहे. या जातीला दीर्घ सुप्तावस्था नाही. आंबा संपला की ती पेरूवर, चिकूवर, करमलावर, जामावर जाते. रस्त्याकडेच्या देशी बदामाची पिकलेली फळेही तिला चालतात. म्हणून जूनपासून एकही फळ न पडलेल्या आंब्याखाली डिसेंबरात कुदळ मारून कोष शोधणे म्हणजे रिकाम्या घरात चोर शोधणे. माती हलवायचीच, तर फळे पडत असताना हलवा.

टप्पा १: नक्की कोण आहे ते ओळखा (जानेवारी)

तीन वेगळे प्राणी एकाच नावाखाली खपतात.

पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी बारीक, लाल डोळ्यांची चिलटे ही फळमाशी नव्हे. ती आधीच सडलेल्या फळावर येतात.

कोयीच्या आत सापडणारा पांढरा किडा किंवा काळपट भुंगा हा कोयीतला भुंगा. गर बहुधा शाबूत असतो आणि बिघाड कोयीत असतो. फळमाशीच्या सापळ्याला तो कधीच लागत नाही.

खरी फळमाशी घरमाशीएवढी असते, पण अंगाने सडपातळ आणि गांधीलमाशीसारखी दिसणारी. डॉर्सॅलिसच्या छातीवर दोन्ही बाजूंना पिवळ्या पट्ट्या, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण, आणि पारदर्शक पंखाच्या पुढच्या कडेला अरुंद काळपट रेघ असते. झोनाटा तांबूस असते. तिच्या पंखाला सलग रेघ नसते, टोकाशी फक्त ठिपका असतो. करेक्टाच्याही पंखाला टोकाशी ठिपकाच असतो, तेव्हा या दोघींत तुमची गल्लत झाली तरी बिघडत नाही, कारण दोन्ही एकाच सापळ्यात येतात.

तपासा: अळी ओळखायची तर संशयित आंबा अंगणात कागदावर कापा. पूर्ण वाढलेली अळी सेंटीमीटरभर लांब, पांढुरकी, एका टोकाला निमुळती असते. उघड्यावर आली की ती अंगाची कडी करते, क्षणभर थांबते, आणि टपकन उडी मारून वीतभर लांब पडते. दुसरी उडी, तिसरी उडी, आणि कागदाच्या कडेवरून मातीत गडप. तिला कोष करायला माती हवी असते. ही उडी पाहिलीत की ओळख पटली.

टप्पा २: सापळा तयार ठेवा (जानेवारीअखेर)

आंब्यासाठी मिथाइल युजेनॉलचे आमिष लागते. ते फक्त नरांना ओढते. हे वाक्य आताच पक्के लक्षात ठेवा, टप्पा ४ मध्ये त्यावर सगळे अवलंबून आहे.

तयार सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आपल्याकडेही अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याची शिफारस हेक्टरी चार सापळे अशी आहे. घरी करायचा तर लिटरची पाण्याची बाटली घ्या. वरच्या तिसऱ्या भागात चारी बाजूंना करंगळी जाईल एवढी भोके पाडा. तळाला तापल्या सुईने तीन-चार बारीक छिद्रे ठेवा, नाहीतर वळवाच्या पहिल्याच सरीत माशा पोहायला लागतात. झाकणातून तार ओवून आमिषाचा ठोकळा आत, भोकांच्या पातळीला, लोंबता ठेवा.

प्लायवुडचा ठोकळा अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलेथिऑन यांच्या ६:४:१ मिश्रणात ७२ तास भिजवण्याची पद्धत प्रचलित आहे. माझा सल्ला: दोन-तीन सापळ्यांसाठी हा खटाटोप करू नका, तयार ठोकळा घ्या. पाकिटावर कीटकनाशक आतच आहे की नाही ते वाचा. नसेल तर आत आलेला नर मरणार नाही, तो दुसऱ्या भोकाने निघून जाईल आणि तुमच्या वहीत शून्य लिहिले जाईल.

सावधान: ठोकळा हातमोजे घालूनच हाताळा. स्वयंपाकघरात उघडू नका. उरलेली पाकिटे घट्ट डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा.

इथली माझी चूक सांगून टाकतो. पहिल्या वर्षी मी ठोकळा हातात धरून, त्याच हातांनी बाटली पुसून, तार पिळून सापळा टांगला. आठवड्याने पाहतो तर माशा बाटलीच्या बाहेर, तारेवर, अगदी फांदीवर बसलेल्या, आणि आत जेमतेम सहा. वास बाहेरूनच येत होता, आत कशाला जातील? आमिष बाहेर लागले असेल तर ती बाटली फेकून नवी घ्या, कारण धुऊन तो वास जात नाही.

तुळशीच्या पानातही मिथाइल युजेनॉल असते. म्हणून कधीकधी वृंदावनातल्या तुळशीवर हे नर बसलेले दिसतात. तुळशीचा पाला ठेचून केलेला सापळा माशा ओढतो, पण त्याचा वास लवकर उतरतो, आणि दर आठवड्याला वेगळा जोर असलेल्या आमिषावर मोजणी करता येत नाही.

टप्पा ३: टांगणे (फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा)

मोहोर सरत आला, वाटाण्याएवढी फळे धरली की सापळा वर. तेव्हा झाडावर माशीला खाण्याजोगे काही नसते, आणि म्हणूनच ही वेळ. आपल्याला तळरेषा हवी आहे, म्हणजे पुढचे आकडे ज्याच्याशी ताडायचे तो सुरुवातीचा आकडा.

1. जमिनीपासून दीड ते दोन मीटरवर, खालच्या फांदीला, सावलीत. डोक्याएवढ्या उंचीला म्हणजे मोजायला शिडी लागत नाही. जी गोष्ट करायला शिडी लागते ती तिसऱ्या आठवड्यात बंद पडते.
2. भोकांसमोर पाने येऊ देऊ नका, पण उघड्या उन्हातही टांगू नका. उन्हात आमिष लवकर उडते.
3. लहान भाटाला दोन सापळे पुरे: एक मधोमध, एक कडेला पेरू-चिकूच्या अंगाला. दोन सापळ्यांत जमेल तेवढे अंतर ठेवा. शेजारीशेजारी टांगले तर एकमेकांच्या माशा पळवतात.
4. तारेला वरून दोन बोटे ग्रीस लावा. हे न करणाऱ्यांचे आकडे निम्मे खोटे असतात, कारण मेलेल्या माशा मुंग्या ओढून नेतात. ज्या झाडावर हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची, घरटी आहेत त्यावर सापळा नकोच. हुमले मात्र मारू नका. काढणीला चावतात हे खरे, पण ते झाडावर फिरत असले की मादी फळावर निवांत बसून अंडी घालू शकत नाही.
5. प्रत्येक सापळ्याला क्रमांक द्या आणि टांगल्याची तारीख बाटलीवरच मार्करने लिहा.

सावधान: एकदा टांगलेला सापळा हंगामात हलवू नका. जागा बदलली की मागचे आकडे पुढच्यांशी ताडता येत नाहीत. "इथे कमी येतात, तिकडे लावूया" हा मोह प्रत्येकाला होतो.

टप्पा ४: दर आठवड्याची मोजणी

वार ठरवा. माझा रविवार, सकाळची पेज झाल्यावर. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्याने शुक्रवार धरू नये, राहून जाते.

बाटली उतरवून माशा स्टीलच्या जुन्या ताटलीत ओता. काडीने दहा-दहाचे ढीग करा. चिलटे, मुंग्या, कोळी बाजूला. वहीत चारच रकाने: तारीख, सापळा क्रमांक, माशा, शेरा. शेऱ्यात पाऊस, पडलेली फळे, आमिष बदलले का, एवढेच. मग बाटली पूर्ण रिकामी करून परत टांगा. मागच्या आठवड्याच्या माशा आत ठेवून वर नव्या मोजणारे पुष्कळ आहेत. त्यांचा आकडा फक्त वाढतच जातो आणि ते घाबरून फवारतात.

आकडा सापळ्यागणिक, दिवसागणिक करा. एकूण माशांना सापळ्यांच्या संख्येने भागा, मग दिवसांनी. दोन सापळ्यांत ७ दिवसांत १२६ माशा आल्या तर १२६ ÷ २ ÷ ७ = ९. म्हणजे दर सापळ्याला रोज ९. मध्ये एक रविवार चुकून १४ दिवस झाले तर १४ ने भागा. असे केले तरच चुकलेला आठवडा आकडे बिघडवत नाही.

आता नरांचा मुद्दा. सापळ्यात आलेले सगळे नर, आणि अंडी घालते मादी. म्हणून सापळ्यातला आकडा फळाचे नुकसान दाखवत नाही. भाटात माशीचा वावर वाढतो आहे की घटतो आहे, तेवढे तो दाखवतो. भरलेली बाटली बघून "किती मेल्या!" म्हणून समाधान मानू नका, एक वाचलेला नर अनेक माद्यांना पुरतो. आणि शून्य आले म्हणून निर्धास्तही होऊ नका. आधी ठोकळा सुकला आहे का ते पाहा.

उलट बाजूही आहे. मिथाइल युजेनॉलचा वास कित्येकशे मीटरवरून नर ओढतो. तुमच्या बाटलीत शेजारच्या पाणंदीतल्या, देवळामागच्या रायवळाच्या माशा येतात. तुमची फळे स्वच्छ आणि बाटली भरलेली असे होऊ शकते. म्हणून सापळ्याबरोबर फळही तपासायचे.

तपासा, फळावर: दर आठवड्याला प्रत्येक झाडाची दहा फळे हातात घेऊन पाहा. टाचणीने टोचल्यासारखा काळसर ठिपका, त्यातून सुकलेला चीक किंवा रसाचा थेंब, भोवती किंचित मऊपणा. शंका असेल तर ठिपक्याखालची साल धारदार सुरीने तिरपी, पातळ काढा. ताजी अंडी असतील तर तांदळाच्या कण्यांसारखी, मिलीमीटरभर लांब, एकमेकांना टेकून उभी दिसतात.

तपासा, पडलेल्या फळात: आठवड्यातून दहा पडलेली फळे टबात घ्या. खाली तीन बोटे कोरडी रेती, वर मलमलचा फडका घट्ट बांधून सावलीत. बारा दिवसांनी रेती चाळा. पिंपासारखे तपकिरी, तांदळापेक्षा जाड कोष मिळाले तर ते पडलेले फळ माशीचे होते. हे कोष बरणीत फडका लावून आणखी दहा दिवस ठेवलेत तर कोण बाहेर येते ते दिसेल. कधीकधी माशीऐवजी बारीक काळी परोपजीवी माशी निघते, तिला सोडून द्या, ती आपल्या बाजूची आहे.

आमिष दर सहा ते आठ आठवड्यांनी बदला, एप्रिल-मेच्या उन्हात सहाच धरा. बदलल्याच्या पुढच्या आठवड्यात आकडा उसळतो. तो ठोकळा नवा असल्यामुळे, म्हणून शेऱ्यात लिहून ठेवायचे.

टप्पा ५: आकडा वाचणे

एकच आकडा बघून निर्णय घेऊ नये. मी सलग तीन रविवार बघतो. १, १, २ असेल तर काही करत नाही. १, ३, ९ असेल तर कोषांतून नवी पिढी बाहेर पडली आहे आणि आठ-दहा दिवसांत माद्या अंडी घालायला तयार होणार. म्हणजे हातात एक आठवडा आहे. काय करायचे ते त्या आठवड्यात.

साधारण रेघ अशी असते: फेब्रुवारी-मार्च सपाट, एप्रिलमध्ये चढायला सुरुवात, मेच्या वळवाच्या सरींनंतर एकदम वर. ओली माती कोषातून बाहेर पडायला सोपी, आणि त्याच वेळी झाडावर पिकायला आलेली फळे. म्हणून एप्रिलचा पहिला मानकुराद बहुतेक स्वच्छ निघतो, आणि मेअखेरचा, पाऊस लागलेला, दगा देतो. त्यात उशिरा पिकणारे रायवळ हे माशीचे खरे माहेर. सासव या आंब्याच्या कालवणासाठी घोटां (लहान रायवळ आंबे) वेचतो तेव्हा बाकीची तिथेच राहतात, ती कुणी मोजत नाही.

त्या आठवड्यातली कामे, महत्त्वाच्या क्रमाने: पडलेली फळे उचलणे (टप्पा ६), तयार फळ उतरवणे (टप्पा ७), आणि गरज पडली तरच खोडावर-खालच्या पानांवर प्रथिनयुक्त आमिषाची ठिपके-फवारणी. तिचे औषध आणि काढणीपूर्वीचे दिवस तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याला एला येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. नेताना वही आणि काडेपेटीत दहा-बारा माशा न्या. नुसते "अळ्या पडल्यात" म्हणून गेलात तर उत्तरही तेवढेच मोघम मिळेल. पूर्ण झाडावर औषध मारणे हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी उपयोगाचा उपाय. अळी गराच्या आत आहे, तिथे फवारा पोचत नाही.

हाताला येणाऱ्या फांद्यांवर पिशव्याही बांधता येतात. फळ अंड्याएवढे झाले की २५ × २० सेंटीमीटरची कागदी पिशवी देठाशी बांधायची. मार्चमध्ये. मेमध्ये बांधलेली पिशवी म्हणजे माशीच्या अंड्यांना पांघरूण.

टप्पा ६: पडलेली फळे

हे एक काम धड केले तर बाकीचे निम्मे होते. अळी फळातून निघून मातीत जाण्याआधी फळ उचलले पाहिजे, म्हणजे दिवसाआड. आठवड्याने उचललेले फळ बहुधा रिकामे असते, पाहुणे निघून गेलेले.

उचललेल्या फळांचे काय करता तिथे चूक होते. गायरीत (खताच्या खड्ड्यात) टाकली की अळ्यांना मऊ, ओलसर, उबदार माती आयती मिळते. कुंपणापलीकडे भिरकावली तर माशी कुंपण ओळखत नाही. दोन फुटांपेक्षा खोल खड्ड्यात पुरून वर माती चेपा, किंवा काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून भर उन्हात आठवडाभर ठेवा. जून लागल्यावर ऊन नसते, तेव्हा खड्डाच. गुरांना घालायची तर त्याच दिवशी, अळ्या बाहेर पडण्याआधी.

झाडे पावणीत (लिलावाने ठेक्यावर) दिली असतील तर हे आधीच बोलून घ्या. ठेकेदार चांगले फळ नेतो, पडलेले तुमच्या भाटात राहते.

टप्पा ७: काढणी आणि अढी

"अढीत माशी शिरली" हे नेहमीचे. बहुतेक वेळा अंडे झाडावरच घातलेले असते. काढताना फळ निर्दोष दिसते आणि आठवड्याने अढीत अळी वळवळते. म्हणून आकडा चढत असताना फळ झाडावर पिकू देऊ नका. तयार झालेले, हिरवे असतानाच झेल्याने देठासकट उतरवा. उतरवलेले ढीग संध्याकाळपर्यंत उघडे ठेवू नका, फडक्याने झाका. ठिपकेवाली फळे अढीत नको, लोणच्याला किंवा लगेच कापायला.

निर्यातीच्या आंब्यांना ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया असते. ती तापमान बांधून ठेवणाऱ्या यंत्रात होते. चुलीवरच्या हंड्यात तसे करायला गेलात तर एकतर अळी जिवंत राहते, नाहीतर आंबा शिजतो.

टप्पा ८: जून-जुलैत सापळा उतरवू नका

शेवटचा आंबा उतरला की बाटल्या कोनाड्यात जातात. पण त्या सुमारास पडून सडलेल्या फळांतली पिढी बाहेर पडते आणि आकडा बरेचदा तेव्हाच सगळ्यात वर असतो. जुलैअखेरपर्यंत मोजा. पुढे आकडा सलग उतरला की सापळा काढून पेरूच्या झाडावर लावला तरी चालेल. वहीत तिथे रेघ मारून नवे पान सुरू करा, कारण जागा बदलली.

आणि ऑगस्टमध्ये चिबूड, तवशी, दोडकी किडायला लागली म्हणून हीच बाटली मांडवाला टांगू नका. वेलवर्गावरची माशी वेगळी, तिला मिथाइल युजेनॉलचे काही वाटत नाही. तिच्या नरांना क्यू ल्युअर लागते. चतुर्थीच्या माटोळीला बांधायचा चिबूड वाचवायचा असेल तर क्यू ल्युअरचा सापळा वेलीला पहिले फूल दिसले की टांगा, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात 'वेल' लिहा, म्हणजे फेब्रुवारीत तीच बाटली आंब्यावर चढणार नाही.